तीस क्विंटल तांदूळ कोणी शिजवला? ऊसतोडीच्या गावातल्या शाळेचा निरोप

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या कडेला असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेतलं हे प्रकरण आहे. शाळा पहिली ते सातवी, पट सव्वाशे, शिक्षक पाच. मी तिथे सहावी-सातवीला शिकवतो. वर्ष संपताना मुलांनी कृतज्ञता व्यक्त करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न आमच्यापुढे आला आणि त्याचा माग काढताना शाळेचे बरेच झाकलेले कोपरे उघडे पडले. इतर शिक्षकांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो आहे. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

आधी गावाविषयी सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जातो, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकात निघतात. गाळप हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. काही मुलं आई-वडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या तात्पुरत्या झोपडीवर, जातात. त्यांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. बाकीची गावात राहतात. कुणी आजीकडे, कुणी चुलत्याकडे, कुणी थोरल्या बहिणीच्या भरवशावर. हंगामी वसतिगृह सुरू झालं की सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय तिथे होते आणि झोपायला मुलं आजीच्या घरी जातात.

थोडक्यात, आमच्या शाळेतलं मूल वर्षातले पाच-सहा महिने आई-वडिलांशिवाय मोठं होतं. त्या काळात त्याला कोण उठवतं, कोण जेवू घालतं, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, याची नोंद शाळेच्या कुठल्याच रजिस्टरात नसते.

आमची जुनी रीत

सातवीचा निरोप समारंभ दरवर्षी एप्रिलमध्ये व्हायचा. त्याची रीत ठरलेली होती. सातवीच्या प्रत्येक मुलानं वर्गणी द्यायची, त्यातून शाळेला भेटवस्तू घ्यायची. ती बहुतेक वेळा भिंतीवरचं घड्याळ असायची. कार्यालयात अशी तीन घड्याळं एका रांगेत लटकत होती. मग भाषणं व्हायची. एकानं लिहिलेलं भाषण चार मुलं थोडं थोडं बदलून वाचायची. प्रत्येकात शिक्षक म्हणजे दीपस्तंभ, शाळा म्हणजे दुसरं घर. केंद्रप्रमुख किंवा सरपंच अध्यक्षस्थानी, शाल-श्रीफळ, आणि शेवटी आभारप्रदर्शन. ते सुरू झालं की अर्धी सभा उठून चपला शोधायला लागायची.

त्या वर्षी मार्चमध्ये निरोपाची तयारी ठरवायला आम्ही बसलो, तेव्हा आमच्या सहकारी बाईंनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. निरोपाच्या भाषणांच्या वेळी शाळेच्या मागच्या बाजूला खिचडीची पातेली घासल्याचा आवाज येत असतो, आणि आपण माइकचा आवाज वाढवतो.

त्यानंतर घड्याळाचा विषय निघालाच नाही. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, वर्गणी बंद, आणि आभार मानायचेच असतील तर मुलांना आधी कळू द्या की कुणाचे आणि कशासाठी.

हे बोलायला सोपं होतं. पालकांना मात्र ते पटेना. एक वडील नुकतेच हंगाम संपवून आले होते. ते शाळेत येऊन चिडून म्हणाले, "वर्गणी बंद केली म्हणजे आमची ऐपत नाही असं वाटलं का सर तुम्हाला? पोरानं शाळेला काही दिलं नाही असं नको व्हायला." त्यांचं म्हणणं मला आजही मोलाचं वाटतं. गरिबाला देण्याचा मान असतो, तो काढून घेतला तर त्याला ते लागतं. शेवटी असं ठरलं की पैसे कुणाकडूनच घ्यायचे नाहीत. ज्याला द्यायचं आहे त्यानं एक दिवसाचं श्रमदान द्यावं. स्वयंपाकघराच्या पत्र्याला भोकं पडली होती आणि पावसाळा तोंडावर होता. हे वडील स्वतः पान्हा-हातोडी घेऊन सगळ्यात आधी आले.

तिसरा प्रश्न

मुलांना "कृतज्ञता म्हणजे काय" यावर निबंध द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं. तसे निबंध पाठ असतात. याबाबत मला एका संशोधनाची मदत झाली. जेफ्री फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यांनी मुलांना "आभार माना" असं शिकवलंच नाही. कुणी आपल्यासाठी काही केलं, तर त्यामागचा त्याचा हेतू काय होता, त्याला त्यासाठी काय सोसावं लागलं आणि आपल्याला त्याचा काय लाभ झाला, एवढंच नीट पाहायला शिकवलं. असं पाहायला शिकलेल्या मुलांनी पुढे आपणहून पालक-शिक्षक संघाला इतर मुलांपेक्षा जास्त आभारपत्रं लिहिली.

आमच्या मुलांसाठी मी याचे तीन प्रश्न केले. मला काय मिळालं? त्या माणसानं ते मुद्दाम माझ्यासाठी केलं का? आणि त्यापायी त्याचं काय गेलं?

पहिले दोन प्रश्न मुलांना लगेच जमले. तिसऱ्यावर सगळी गप्प. एकानं विचारलं, "काय गेलं म्हणजे पैसे का सर?" मी म्हटलं, पैसे, झोप, रोजगार, जे काही गेलं असेल ते. तुम्हाला माहीत नसेल तर त्यांना जाऊन विचारा.

सुरुवात आम्ही शाळेतल्याच खिचडीपासून केली, तीही गणिताच्या तासाला. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम धान्य धरलेलं असतं. आमच्याकडे लहान वर्गांत 80 मुलं, मोठ्या वर्गांत 45. मुलांनी फळ्यावर मांडलं: 8 किलो अधिक पावणेसात किलो, म्हणजे रोजचा पंधरा किलोच्या आसपास तांदूळ. शिक्षण हक्क कायद्यानं पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस आणि सहावीपासून 220 दिवस शाळा भरली पाहिजे. गुणाकार केला तर तीस क्विंटलच्या वर गेला. सगळी मुलं सगळे दिवस हजर नसतात, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी असणार, हेही एका मुलीनं सांगितलं. तरी वर्ग हलला. एक जण म्हणाला, "आमच्या दादाच्या पिकअपच्या दोन खेपा होतात सर." हा सगळा तांदूळ निवडून, धुऊन, शिजवून, वाढून झाल्यावर पातेली घासणाऱ्या बायका तीन. नियमानं 26 ते 100 मुलांमागे दोन आणि पुढच्या शंभरापर्यंत आणखी एक, असा हिशेब आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो, त्यामुळे त्याच तिघी वऱ्हांडाही झाडतात.

मग सहावी-सातवीची मुलं गटागटानं सकाळच्या शाळेआधी स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागली. मावशींना आधी हे काय चाललंय ते कळेना. "मावशी, आमच्यापायी तुमचं काय गेलं?" या प्रश्नावर थोरल्या मावशी हसल्या. "माझं काय जायचंय बाळांनो? चार भांडी घासली तर काय होतंय?" त्यांनी सांगितलं नाही, पण मुलं बघत होती. सहावीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं ते असं:

"मावशींना तांदूळ निवडताना चष्मा लागतो. चष्म्याला एका बाजूला काडी नाही, तिथं दोरा बांधून कानाला अडकवलाय. वाफ आली की मावशी चष्मा काढून पदरानं पुसतात आणि पुन्हा दोरा बांधतात. त्यांचा नातू दुसरीत आहे. त्याला त्या सगळ्यात शेवटी वाढतात. मी विचारलं का, तर म्हणाल्या, आधी वाढलं तर बाकीची लेकरं म्हणतील आपल्या नातवाला जास्त दिलं. त्यामुळं त्याला कधी कधी खरवड येते."

रोजच्या चव नोंदवहीत त्या खिचडीच्या चवीवर सह्या होत होत्या. खरवड कुणाच्या ताटात जाते, ते या मुलीच्या वहीतून कळलं.

आजीच्या झोपेचं काय झालं

शाळेतून मग मुलं घराकडे वळली. दोन आठवडे रोज परिपाठानंतर कुणाला वाटलं तर त्यानं आपली नोंद वाचायची, नाही वाटलं तर नाही. पाचवीतल्या एका मुलानं वाचलं, "आजी पहाटे चारला उठते. मला वाटायचं म्हाताऱ्या माणसांना झोप येत नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, झोप लई येती, पण नळ चारला सुटतो." त्याच्या मागून चार-पाच मुलांनी हात वर केले. त्यांच्याही घरी पाणी आजीच भरत होती. वर्षानुवर्षं ही पोरं भरलेल्या हंड्यातून पाणी पीत होती, आणि हंडा केव्हा भरला जातो हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. मलाही पडला नव्हता, आणि मी याच गावात राहतो.

सगळ्यांत अनपेक्षित नोंदी मुलांनी मुलांविषयी केल्या. तिसरीतल्या एका मुलीनं सातवीतल्या आपल्या ताईविषयी जे सांगितलं ते बाईंनी लिहून घेतलं: ताई माझी वेणी घालते, मग तिच्या वेणीला वेळ उरत नाही, म्हणून ती रोज रुमाल बांधून येते. ही ताई माझ्या वर्गात होती. रुमाल बांधून येण्यावरून तिला एक-दोनदा चिडवलंही गेलं होतं. परिपाठाला हे वाचलं गेलं तेव्हा ती खाली मान घालून उभी होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्या दोन मैत्रिणी धाकटीची वेणी घालताना दिसल्या. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

शिक्षकांविषयीच्या नोंदी सगळ्यांत कोरड्या निघाल्या. याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. आमचं फार काही गेलेलं मुलांनी पाहिलेलं नव्हतं, आणि पगार मिळतो हे त्यांना ठाऊक होतं.

कोरं पान

सातवीतल्या एका मुलानं मात्र पहिल्याच प्रश्नाखाली लिहिलं, "काही नाही." मी एकट्याला बाजूला घेतलं. तो हंगामात चुलत्याकडे राहायचा. मला म्हणाला, "चुलत्याकडं राहिलो सर, पण शेरडं मीच राखली. सकाळी पण आणि शाळा सुटल्यावर पण. बाजाराच्या दिवशी तर शाळेत पण नाय आलो. मग कुणी कुणाचे आभार मानायचे?"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही शिक्षकांनी यावर बराच वेळ चर्चा केली. एका सहकाऱ्याचं मत होतं की चुलत्यानं घरात ठेवून घेतलं, दोन वेळा खाऊ घातलं, हे काही थोडं नाही. मुलाला तेवढं तरी दिसायला हवं. मला हे पटलं नाही आणि आजही पटत नाही. या मुलानं तिन्ही प्रश्न नीट सोडवले होते. काय मिळालं, कशासाठी मिळालं आणि कुणाचं काय गेलं, याचा त्याचा हिशेब बरोबर होता. गेलं होतं ते त्याचंच. अशा मुलाकडून आभाराच्या दोन ओळी लिहून घेणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक काम लादणं. आणि जिथे मूल कुणाच्या आश्रयाला राहतं तिथे "उपकार विसरू नको" हे वाक्य फार लवकर धाकासारखं वापरलं जातं. आम्हा शिक्षकांकडूनही ते सहज निघून जातं.

मुख्याध्यापिका बाईंनी निर्णय दिला: लिहिणं ऐच्छिक, कोरं पान चालेल, आणि कोऱ्या पानाबद्दल वर्गात कुणी काही विचारायचं नाही. बाईंनी हजेरीपटही काढला. बाजाराच्या वारी त्याची गैरहजेरी महिनोन्‌महिने लागलेली होती आणि आम्ही कुणीच ती ओळ आडवी वाचली नव्हती. बाई स्वतः चुलत्याच्या घरी गेल्या, आणि मुलाचे आई-वडील परत आल्यावर त्यांनाही भेटल्या. भांडण झालं नाही. पुढच्या हंगामात मुलानं वसतिगृहात जेवायचं आणि आजोळी राहायचं, असं घरच्यांनीच ठरवलं. मुलानं निरोपासाठी शेवटपर्यंत काही लिहिलं नाही. मात्र सगळ्यांच्या चिठ्ठ्या गावात घरोघरी पोहोचवायचं काम त्यानं मागून घेतलं. कुणाचं घर कुठे आणि कोण किती वाजता घरी सापडतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"मग त्यांचे पैसे का देत नाही?"

मावशींशी बोलताना आणखी एक गोष्ट बाहेर आली. स्वयंपाकी-मदतनीसांना तेव्हा महिन्याला अडीच हजार रुपये मानधन मिळायचं, तेही वर्षातले दहाच महिने. त्या वर्षी ते थकलं होतं. धाकट्या मावशींनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. "तुमचं काय गेलं?" याचं उत्तर म्हणून त्या सहज बोलून गेल्या, की दुकानदार आता उधार देत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीनं सरळ विचारलं, "सर, आपण मावशींना आभाराची चिठ्ठी देणार. पण त्यांचे पैसे का देत नाही?"

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. शाळेत कृतज्ञतेचा कार्यक्रम झाला की एक धोका हमखास असतो. ज्याचं देणं बाकी आहे त्याला फूल दिलं जातं, टाळ्या वाजतात, आणि देणं तसंच राहतं. साडीचोळी देऊन सत्कार करायचा आणि मानधनाचा विषय काढायचा नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मुलीला मी म्हटलं की हे पैसे शाळा देत नाही, वरून येतात. ती म्हणाली, "मग वर लिहा."

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं 75 टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. आमच्या समितीच्या बैठका बहुतेक वेळा सह्यांपुरत्या होतात, कारण निम्मे सदस्य हंगामात गावात नसतात. त्या एप्रिलमध्ये मात्र सगळे परतलेले होते. बैठकीत मुलांनी तांदळाचा हिशेब मांडला आणि मावशींचे किती महिने थकले ते सांगितलं. ऊस तोडून आलेल्या बायकांना थकलेल्या मजुरीचा अर्थ समजावून द्यावा लागला नाही. ठराव एकमतानं झाला, पत्र संबंधित कार्यालयाला गेलं, त्याची पोच घेतली, आणि दोन आठवड्यांनी समितीच्या अध्यक्ष स्वतः जाऊन विचारून आल्या. थकलेलं मानधन मे महिन्यात जमा झालं. त्याचं श्रेय ठरावाला देण्याची घाई मी करणार नाही. पण आमच्या शाळेत मानधनाचा विषय समितीच्या इतिवृत्तात पहिल्यांदा आला तो तेव्हा, आणि आता तो प्रत्येक बैठकीत घेतला जातो.

निरोपाचा दिवस

त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अध्यक्ष बोलावला नव्हता. भाषणं नव्हती. त्या दिवशीची खिचडी वडील मंडळींनी शिजवली, जरा करपली, आणि पातेलीही त्यांनीच घासली. मावशी मुलांबरोबर पंगतीत बसल्या. आज्या आल्या होत्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या चिठ्ठ्या मुलांनी शेजारी बसून हळू आवाजात वाचून दाखवल्या. चारचौघांत मोठ्यानं वाचायच्या नाहीत, असं मुलांनीच ठरवलं होतं. चाराच्या नळाबद्दल लिहिणाऱ्या मुलाच्या आजी ऐकून म्हणाल्या, "हे काय लिहायची गोष्ट आहे व्हय?" आणि चिठ्ठी कनवटीला लावली.

माणसं असंच म्हणतात, आणि आपल्याला वाटतं की त्यांना अवघडलं असेल, उगाच बोललो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 साली याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला ते विचित्र वाटेल. प्रत्यक्षात ते पत्र मिळणाऱ्याला अंदाजापेक्षा खूपच कमी अवघडल्यासारखं झालं आणि आनंद जास्त झाला. आमच्या मोठ्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, घरात असं काही बोलायची फार लाज वाटत होती. त्यांना मी हा अभ्यास सांगितला तेव्हा त्यांचा धीर वाढला. पुस्तकातली गोष्ट सातवीच्या मुलाला इतकी थेट उपयोगी पडलेली मी क्वचितच पाहिली आहे.

काय टिकलं, काय नाही

मुलांचे गुण वाढले, शिस्त सुधारली असं काही मी सांगणार नाही. ते मोजण्यासाठी आम्ही हे केलं नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर जे दिसलं ते एवढंच. दुसरीतल्या नातवाला आता मावशी त्याच्या रांगेतल्या नंबरानं वाढतात, कारण मोठी मुलं त्याला मागे थांबू देत नाहीत. ताट घासायला टाकताना उष्टं बादलीत काढायची सवय बऱ्याच वर्गांना लागली. पहिलीत आलेल्या नव्या मुलांना मात्र हे सगळं माहीत नाही, त्यांना पुन्हा पहिल्यापासून दाखवावं लागतं. पाण्याची वेळ पहाटे चारचीच राहिली. ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे, त्यावर अजून काही झालेलं नाही.

एक बदल आम्ही नक्की केला आहे. एप्रिलमध्ये आई-वडील परत येतात ते थकून आणि उचल फिटली की नाही या चिंतेत. मुलांनी तेव्हा त्यांना "आमच्यापायी तुमचं काय गेलं?" विचारलं तर बहुतेकांनी उत्तर टाळलं. समितीतल्या एका आईनं बैठकीत सांगितलं, "जायच्या आधी विचारा सर. आल्यावर बोलवत नाही." म्हणून यंदा हे काम दोनदा होणार आहे. पहिलं सत्र संपताना, टोळ्यांच्या गाड्या भरायच्या आधी, मुलं आई-वडिलांबरोबर बसतील. कुठल्या कारखान्यावर जाणार, किती वाजता उठावं लागतं, उचल किती घेतली आणि ती कशात गेली, हे विचारून लिहितील. जो चुलता, जी आजी मूल सांभाळणार आहे, त्यांनाही त्याच वेळी शाळेत बोलवायचं आहे, आणि मुलाकडून किती काम करून घ्यायचं हे आई-वडिलांसमोर ठरवायचं आहे. त्याची नोंद बाई एका वेगळ्या वहीत करणार आहेत, आणि बाजाराच्या दिवशीची हजेरी दर महिन्याला त्या वहीशी ताडून पाहिली जाईल.